ठासताना बोलायचं नाही

"मेल्या, मला बोलायला लावू नकोस हां," असं म्हणून ताई चष्मा कपाळावर सरकवायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्याला खरोखरच बोलायचं नसतं, तो असली धमकी न देता गप्प बसतो. ताईचा चष्मा वर गेला की समोरच्याने निमूटपणे डबा उघडावा. तिचं बोलणं संपेपर्यंत पोळी-भाजी होऊन वर ताकही पिऊन व्हायचं.

आमची हॉस्पिटलची लॅब सिडनीत वेस्टमीडला होती. मी पुण्याहून शिकायला आलो आणि इथलाच झालो. ताई माझ्या कितीतरी आधीपासून तिथे नमुने घ्यायच्या खिडकीवर बसत होती. वय पन्नाशीच्या पुढे, मूळ गाव मालवणच्या थोडं अलीकडे. कोरोनाच्या दिवसांत अख्ख्या पश्चिम सिडनीच्या नाकांत फिरून आलेल्या काड्या आधी तिच्यासमोर यायच्या. एखाद्या नळीवर नाव नसलं की ती थेट वॉर्डात फोन लावायची आणि विचारायची, "डियर, नाक पाठवलंस, माणूस कुठाय?" तिच्या नजरेतून काही सुटत नसे. एका बड्या डॉक्टरांनी तिला 'मेल्या'चा अर्थ विचारला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "इट मीन्स मेट." मेट म्हणजे इकडच्या बोलीत दोस्त. तेव्हापासून ते सद्गृहस्थ लिफ्टमध्ये भेटेल त्याला 'गुड मॉर्निंग, मेल्या' म्हणू लागले. त्यांना खरं सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.

ही बाई महिन्यातल्या एका रविवारी ठासणीची बंदूक घेऊन नेमबाजीला जाते हे कळलं, तेव्हा मी हातातलं सँडविच खाली ठेवलं. ठासणीची म्हणजे जुन्या काळची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी वरून ठेवायची, ती गजाने तळापर्यंत ठासायची, मागे छोटी तांब्याची टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. "एक गोळी उडेपर्यंत माणसाचा राग निवतो," ताई सांगायची. "इतकी अहिंसक बंदूक दुसरी नाही." मराठी मंडळातल्या बायकांनी तिला त्यापेक्षा योगा करण्याचा सल्ला दिला होता. त्यावर ती म्हणाली, "योगात आवाज होत नाही."

गावाला तिच्या वडिलांकडे अशीच बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायच्या परवान्यावरची. ठासायचं काम ताईचं आणि मारायचं काम तिच्या दादाचं. दादा चाप ओढताना डोळे घट्ट मिटून घ्यायचा. गावातली डुकरं त्याला ओळखून होती. ताईला मात्र वडिलांनी एकदाही बंदूक खांद्याला लावू दिली नाही. खांद्याला धक्का बसेल, वळ उठेल, मग लग्नाचं काय, असा त्यांचा हिशेब होता. लग्न व्हायचं ते झालं, पोरं मोठी झाली, आणि सिडनीच्या क्वेकर्स हिलमधल्या घरात बंदुकीसाठी भिंतीला बोल्ट मारलेलं पोलादी कपाट आलं. लायसन्स मिळाल्याच्या दिवशी तिने गावाला फोन केला. सगळं ऐकून घेऊन वडिलांनी विचारलं, "ठासतंस तू. पण मारता कोण?"

हे सांगताना ती हसायची, पण ते तिला लागलेलं होतं. दरवर्षी आंब्याच्या दिवसांत ती गावी जायची, इथली टार्गेटं गुंडाळून न्यायची आणि मधली भोकं वडिलांना दाखवायची. म्हातारा भोकात बोट घालून बघायचा आणि म्हणायचा, "बघितल्याशिवाय माका खरां वाटाचा नाय." बाबांनी आपल्याला बंदूक उडवताना बघावं आणि एकदा 'लागली' म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

आता गंमत अशी, की जी बाई नळीवरचं नाव विसरलेल्या डॉक्टरला रडवायची, ती स्वतः बंदुकीत दारू घालायला विसरायची. ठासणीच्या बंदुकीतला हा सगळ्यात जुना घोटाळा. बोलण्याच्या नादात माणूस दारू न ओतताच गोळी ठासतो, मग चाप ओढल्यावर टोपी तेवढी 'फट' करते आणि गोळी आत ढिम्म बसून राहते. तिच्या क्लबात असं झालं की गाईच्या गळ्यातली एक जुनी घंटा वाजवायचे, आणि चुकणाऱ्याने पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी खाऊ आणायचा. बाकीचे सुपरमार्केटातून केक आणायचे. ताई घरी केलेला खाजा न्यायची, गुळाचा, भरपूर आलं घातलेला. पहिल्या डब्यानंतर क्लबातल्या म्हाताऱ्यांची नियत फिरली. ताई दारूच्या डब्याला हात घालते न घालते तोच कुणीतरी विचारायचं, "सो, हाऊज द फॅमिली?" चष्मा कपाळावर जायचा, घंटा वाजायची आणि खाजा पक्का व्हायचा.

गावाकडे हा प्रश्न वडिलांनी कायमचा सोडवला होता. ठासताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. तो पाळला जावा म्हणून ठासणाऱ्याने तोंडात अख्खी सुपारी धरायची आणि गोळी उडेपर्यंत काढायची नाही. "लहानपणी मी तेवढाच वेळ गप्प असायची," ताई म्हणायची. "म्हणून आई बाबांना सारखी सांगायची, हिला ठासायला बसवा."

मग ते कोरोनाचं दुसरं वर्ष आलं. इकडे आमचं जरा बरं चाललं होतं आणि तिकडे रोज वाईट बातमी. विमानं बंद झाली, इथल्या नागरिकांनासुद्धा जायची-यायची सोय उरली नाही. ताईचे वडील नव्वदीला टेकलेले. त्यांना आजार असा काही नव्हता, पण जेवण सुटत चाललं होतं. दादाने फोनवर तसं सांगितलं, त्या दिवशी ताई खिडकीवरच्या नळ्या तशाच सोडून उठली. माझ्यापाशी आली. "रविवारी काय करतोस? बाबांना व्हिडिओवर बंदूक उडवून दाखवायचीय, फोन धरायला चल. मला दोनच हात आहेत."

मी दिवाळीतही कानात बोटं घालून गॅलरीत उभा राहणारा माणूस. तरी गेलो.

रेंज, म्हणजे क्लबचं नेमबाजीचं मैदान, शहराबाहेर, निलगिरीच्या झाडांत. फाटकावर कोरोनाच्या नोंदीचा क्यूआर कोड. सॅनिटायझरची बाटलीही तिथेच, बंदुकांपासून पार लांब ठेवलेली. ते हाताला चोळून दारूपाशी गेलात तर कोरोनाची काळजी उरणार नाही, असं रेंज ऑफिसरने मला समजावलं. हा पांढऱ्या दाढीचा निवृत्त प्लंबर. तो मलाही मेल्या म्हणाला, तेव्हा ताईचा हात इथवर पोचल्याचं कळलं. अंतर राखायचं म्हणून एक सोडून एक बाक रिकामा ठेवला होता, पण पलीकडे रिकाम्या बाकांची टार्गेटंही सवयीने टांगलेली. आज बाबा बघणार आहेत, हे ताईने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी एकाही म्हाताऱ्याने तिला घरच्यांबद्दल विचारलं नाही. खाज्यावर पाणी सोडून सगळे शहाण्या मुलांसारखे गप्प उभे होते.

मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळच्या चहाची वेळ. दादाने फोन धरला होता आणि ओटीवर खुर्चीत वडील, गळ्याशी मफलर, कानाशी हात.

"बाबानू, ही बघा बंदूक!" ताई ओरडली.

"लांब आसा," म्हातारा म्हणाला. "नळी साफ केलंस?"

"केलंय!"

तेवढ्यात रेंज ऑफिसरची आज्ञा झाली, सगळ्यांनी कानांवर आवाज अडवणारे जाडे मफ चढवले आणि ताईने ठासायला घेतलं. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती वडिलांशीच बोलत सुटली. चिंधीला खोबरेल लावते ते दाखवलं, गज दाखवला, झाडावरचा पांढरा पोपटसुद्धा दाखवला. फोनमध्ये म्हातारा खुर्चीतून अर्धा उठून काहीतरी ओरडत होता आणि मूठ कलती करून ओतल्याची खूण पुन्हा पुन्हा करत होता. मफमुळे मला ऐकू काही येईना. मला वाटलं, दादाकडे आणखी चहा मागतायत. मी त्यांना अंगठा दाखवला.

ताईने नेम धरला. चाप ओढला. फट.

बस्स, एवढंच. अशा वेळी गोळी उशिरा सुटायची भीती असते, म्हणून नळी समोर धरून काही वेळ तसंच उभं राहायचं असतं. ताई तशी उभी राहिली. घंटेकडे कुणी गेलं नाही. मी मफ काढला, आणि फोनमधून म्हाताऱ्याचं हसणं आलं, खोकत खोकत, डोळे पुसत.

"चेडवा, दारू कोण घालतलो? मी?"

"आवशीचो घोव!" ताईने थेट 'आईचा नवरा' ही मालवणी शिवी हासडली आणि तीही हसायला लागली.

रेंज ऑफिसरने मागच्या, टोपीखालच्या भोकातून चिमूटभर दारू आत सरकवली आणि अडकलेली गोळी उडवून दिली. तोवर तिकडून हुकूम आला, तोंडात सुपारी धर. सुपारी कुठली असायला? मी रेंज ऑफिसरला ते कसंबसं इंग्रजीत समजावलं. त्याने खिशात हात घालून एक सुपारीएवढा टणक मॅकाडेमिया नट काढला, बाहीला पुसला आणि अदबीने पुढे केला. ताईने मास्क खाली करून तो गालात धरला.

मग जे झालं ते मी लॅबमध्ये कधी पाहिलं नव्हतं. ताई गप्प झाली. आधी दारू मापली, ओतली, नळीला हलकी थाप मारली. चिंधी, गोळी, गज. कुठे घाई नाही, कुठे अडखळ नाही. परकर-पोलक्यातली ती पोरगी कशी ठासत असेल, ते मला तेव्हा दिसलं.

बार झाला. पांढरा धूर सगळीकडे, कुजक्या अंड्याचा आणि जळक्या खोबरेलाचा वास. फोनवर नुसता धूर दिसत होता. मी मफ काढेपर्यंत म्हाताऱ्याचा आवाज आला.

"लागली गो."

"बाबानू, तुम्हाला काय दिसलं? धूर आहे सगळा!"

"आवाजार कळता. लागली."

रेंज ऑफिसरने दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि बोटाने खुणावून मला बोलावलं. ताईचं टार्गेट कोरं करकरीत होतं. शेजारच्या रिकाम्या बाकाच्या टार्गेटात मात्र भोक होतं, अगदी मधोमध. ताईनेही पाहिलं. मग फोनकडे वळून ती म्हणाली, "होय बाबानू. मधोमध लागली." यात खोटं काहीच नव्हतं. रेंज ऑफिसर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "गुड शॉट, मेल्या."

त्या पावसाळ्यात वडील गेले. सिडनी पुन्हा बंद झालेलं होतं. दादाने फोन धरला आणि ताईने अंत्यविधी त्या फोनमध्ये पाहिला, लॅबच्या स्टोअररूममध्ये उभं राहून. नंतर किती आठवडे तिने नाव नसलेल्या नळ्या नुसत्या बाजूला ठेवल्या, कुणाला फोन केला नाही. आम्हाला ते बघवेना. शिव्या खाण्यासाठी मी मुद्दाम एका नळीवरचा नावाचा कागद काढून ठेवला. तिने तो उचलून परत चिकटवला.

पुढच्या वर्षी ताई मुलीकडे, दुसऱ्या राज्यात टार्निटला राहायला गेली. पोलादी कपाटही गेलं. लॅबची खिडकी तशी शांत असते आता, आणि आम्ही डबे लवकर संपवतो. पण तिची आठवण निघाली की मला लॅब आठवत नाही. ती जायच्या आधी, लॉकडाउन उठून रेंज पुन्हा उघडली आणि मी परत तिच्याबरोबर गेलो, तो रविवार आठवतो.

त्या दिवशी म्हाताऱ्यांनी आपण होऊन बेत केला होता. ताई दारूच्या डब्यापाशी गेली तशी एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं, रेंज ऑफिसरने तर थेट फॅमिलीपर्यंत मजल मारली. त्यांना खाजा नको होता. तिने बोलावं एवढंच हवं होतं. ताईने क्वेकर्स हिलच्या दुकानातून आणलेली सुपारी काढून सगळ्यांना दाखवली, गालात टाकली आणि ठासायला लागली. दारू ओतली, चिंधी, गोळी, गज, टोपी. बंदूक खांद्याला लावली.

मग पुन्हा खाली घेतली. सुपारी काढून हातात धरली.

"बाबानू," ती समोरच्या झाडांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "दारू घातलंय हां."

आणि चाप ओढला. धूर बराच वेळ रेंगाळला, आणि कुठे लागली ते बघायला आमच्यापैकी कुणीही दुर्बिणीपाशी गेलं नाही.