‘होय’च्या पुढचेही ऐकून घेणारे अंबादासराव

अंबादासरावांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, हे या गौरवग्रंथात लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. पण त्यांच्या साठीनिमित्त गुळमुळीत लिहिले, तर तेच मला चारचौघांत दुरुस्त करतील.

भाडेनियंत्रणाचा कायदा आल्यापासून सोलापूरच्या दिवाणी कोर्टात घर खाली करून मागणाऱ्या दाव्यांना अंत राहिला नव्हता. अशाच एका दाव्यात मी, नवखा वकील, घरमालकाच्या बाजूने उभा होतो. भाडेकरू यल्लम्मा विणकर होती आणि तिला तेलुगूखेरीज काही येत नसे. अंबादासराव कोर्टाचे दुभाषी.

मी विचारले, “दिवाळीनंतर घर सोडीन, असं तुम्ही मालकांना म्हणाला होता ना?”

“अवुनु,” म्हणजे होय, असे म्हणून बाई पुढे बोलतच राहिली. मला ‘होय’ पुरेसे होते. मी खाली बसलो.

“बाईंचं उत्तर अजून पुरं व्हायचंय,” अंबादासराव म्हणाले.

“मला मिळालं उत्तर. दावा आम्ही लावलाय, तुम्ही नव्हे.”

“दावा तुमचाच की. उत्तर मात्र बाईंचं आहे.”

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. अंबादासरावांनी उरलेले उत्तर सांगितले: हातमागाखाली पाय सोडून बसायला जमिनीत खड्डा खणू देणारे दुसरे घर मिळाले तर सोडीन, असे ती म्हणाली होती. आणि तसे घर मिळाले नव्हते. दावा फेटाळला गेला. यल्लम्माचा माग जागचा हलला नाही आणि मालकाने आपली सारी कामे माझ्याकडून काढून घेतली.

हा माणूस भाडेकरूंचा पक्षपाती आहे, असे मी सांगत सुटलो. पुढच्याच महिन्यात त्यांच्या शेजाऱ्यावर दावा आला. पोटभाडेकरू ठेवल्याचे तो पिंजऱ्यात तेलुगूत पुटपुटला. अंबादासरावांनी तेही शब्दशः सांगितले. त्याला घर सोडावे लागले. तो अजून त्यांच्याशी बोलत नाही.

मग एका रविवारी ते आपणहून माझ्या घरी आले. “तेलुगू शिका, म्हणजे माझ्यावर चिडायची वेळ येणार नाही.” दोन वर्षे त्यांनी मला फुकट शिकवले. एकेक उच्चार इतका घोटवून घेत, की पाटी भिरकावून द्यावीशी वाटे.

आता साक्षीदाराचे बोलणे मला थेट कळते. तेव्हापासून प्रत्येक साक्षीत मी त्यांची चूक शोधतो आहे. अजून एकही सापडलेली नाही, आणि याचा मला मनापासून संताप येतो. ईश्वराने त्यांना ठणठणीत ठेवावे आणि आम्हां वकिलांना अजून कितीतरी वर्षे त्यांच्या हातून असेच हरू द्यावे.