शिट्टी हे माप नव्हे

चहाच्या आधी ज्ञान पाजणारं घर अख्ख्या सोलापुरात एकच आहे, आणि ते नेमकं आमच्या भिंतीला लागून आहे. शेजारचे सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नाही. चहाला जावं तर हे आधणात थर्मामीटर धरून उभे. "बसा की, आत्ताशी नव्वद झालंय." पाणी शंभरला उकळतं असं चुकून बोललात तर संपलंच. "ते समुद्रकाठी. आपण उंचावर हाय, हवेचा दाब कमी. हितं साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतंय." एका लग्नात हे आचाऱ्यालाही ऐकवलं, तर त्यानं झारा ह्यांच्या हातात दिला आणि निवांत पान खात बसला. हळूहळू लोक चहाला यायचे बंद झाले.

काकूंपुढं मात्र सरांची मात्रा चालायची नाही. "शिट्टी हे माप नव्हे," सर सांगायचे. "कुकरात दाब वाढतो, पाणी एकशेवीसपर्यंत तापतं, म्हणून डाळ शिजते. मिनिटं मोजावीत." काकू म्हणायच्या, "मोजा तुमी. मला तीन शिट्ट्या पुरे." आणि डाळ अशी मऊ शिजायची की बोलायची सोय नाही.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर सर स्वतः कुकर लावू लागले, आणि चक्क शिट्ट्या मोजून. एकदा वाटी घेऊन दारात आले. "डाळ कच्ची राहतीय हो. तीन बरोबर मोजतो की." माझ्या बायकोला हसू आवरेना. मधली भिंत इतकी पातळ, की सर आमच्या शिट्ट्या मोजून आपला गॅस बंद करत होते. तसं सांगितल्यावर खजील झाले, "व्हय की," म्हणाले आणि गेले.

पुन्हा तक्रार आली नाही. मला वाटलं, जमलं बुवा. परवा दुपारी त्यांचं चुकून आमच्याकडं आलेलं पत्र द्यायला गेलो, तर कुकर फळीवर पालथा, कोरडा ठणठणीत. बशीत थोडा चिवडा. सर भिंतीशी खुर्ची लावून बोटांवर मोजत बसलेले. आमच्या घरात तिसरी शिट्टी झाली.

"सर, कुकर नाही लावला?"

"एकट्यासाठी काय लावायचा," ते म्हणाले. "तिसरी झाली की ती हाक मारायची, जेवायला या म्हणून. मी पहिल्या हाकेला कधी उठलोच न्हाई. आकडेमोड करत बसायचो."

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, "सर, जेवायला या."

ते लगेच उठले.