वच्छी मागं बसली की गाडी उलाळायची

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मूळची फटकळ. गल्लीतल्या बायका 'अमक्या वळणावर हिरव्या लुगड्यातली बाई दिसते' म्हणायला लागल्या की मी विचारते, काठ कोणते होते गं लुगड्याला? तुमच्या ह्या सदरातल्या निम्म्या हकिकती वाचूनही मी हसलेली आहे, राग मानू नका. पण एक गोष्ट अशी आहे की जी मी स्वतः बघितली, भर उजेडात बघितली, आणि तिचा उलगडा मला अजून झालेला नाही...

विषय निघाला नातवामुळं. तो मित्रांबरोबर मोटारीनं देश ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आला. रस्त्यात तंबू ठोकून राहायचे म्हणे. फोटोंचा गठ्ठा दाखवला आणि गमतीनं विचारलं, "आजी, तुझी आवडती कॅम्पिंगची जागा कोणती गं?" म्हटलं, अरे, तुझ्या आधी आम्ही हेच करत होतो, फक्त त्याला मुक्काम म्हणायचो.

माझं सासर वसमतजवळच्या एका खेड्यात. माहेर वाशीमच्या पलीकडं, वऱ्हाडात. मधे निजामाच्या राज्याची हद्द. ही गोष्ट राज्य जाण्याच्या दोनेक वर्षं आधीची. माहेरी जायचं तर बैलगाडी, आणि वाटेत तीन मुक्काम. पहिला औंढ्याला, देवळापासून जरा लांब, चिंचेखाली. तिथं सावली आणि पाणी दोन्ही, शिवाय फुटाणे ताजे मिळायचे. दुसरा हिंगोलीला कयाधूच्या काठी. तिसरा कनेरगावला पैनगंगेवर, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याच्या अलीकडं. नाक्यावरचे लोक पोत्यात सळई खुपसून बघायचे, तकलीफ द्यायचे. पण नदीकाठची जागा अशी की सगळा शीण जावा. मऊ वाळू, एक मोठं करंजाचं झाड, आणि पलीकडं पळस फुललेला.

नातवाला मी पहिल्या दोनच जागा सांगितल्या. तिसरी सांगितली नाही.

गाडी हाकायचे माझे सासरे. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. सासूबाई नव्हत्या, आणि माझे मालक शेत सोडून येऊ शकत नव्हते. म्हणून गाडीत आम्ही तिघंच — मामाजी, मी आणि माझी पोरगी वच्छी, पाच-सहा वर्षांची. वच्छीला बसायला एकच जागा आवडायची, गाडीच्या अगदी मागच्या कडेला, पाय खाली सोडून. आता दोन चाकांच्या गाडीचं असं असतं की मागं वजन पडलं की ती मागं कलते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला पट्टे काचतात. त्याला उलाळणं म्हणतात. ओझं बराबर तोलून भरलेलं असलं तर एवढंसं लेकरूही मागं बसलेलं बैलांना कळतं. मामाजींना तर पाठ फिरवून बसलेले असताना कळायचं. "वच्छे, पुढं सरक. गाडी उलाळून राहिली," असं ते वाटभर म्हणायचे. ती दोन बोटं सरकायची, आणि परत मागं.

आणखी एक रीत होती मामाजींची. खरं तर तिकडं सगळ्याच गाडीवाल्यांची होती. मुक्काम हलवताना परक्या जागेत कुणाचा जीव अडकून राहू नये म्हणून निघताना प्रत्येकाला नावानं हाक मारायची आणि 'चल' म्हणायचं. बैलांनासुद्धा. सुनेचं नाव सासरा घेत नाही, तिला पहिल्या लेकराच्या नावानं बोलवायचं. म्हणून आमची हाक ठरलेली. "सर्जा, चल. पाखऱ्या, चल. वच्छीचे माय, चल. वच्छे, चल." तिचं नाव शेवटी. ती "आले, आले" करत यायची आणि उडी मारून मागं बसायची.

त्या वर्षी भावाच्या लग्नाहून परत निघालो तेव्हा वच्छीचं अंग कोमट होतं. दगदग झाली असेल म्हणून आम्ही निघालो. पैनगंगेपर्यंत येईतो ताप असा चढला की हात ठेववेना. कनेरगावातून एक म्हातारे वैद्य आले, काढा दिला. ओल्या फडक्याच्या घड्या ठेवून ठेवून माझी बोटं पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या सुमाराला ती गेली. करंजाच्या झाडाखाली, माझ्या मांडीवर. गावातली चार माणसं आली आणि काठावरच उंचवट्याला तिला मूठमाती दिली. लेकरांना जाळत नाहीत.

मी रडले नाही. लोक म्हणत होते, हिला रडवा. मला काही होतच नव्हतं. फक्त एकच गोष्ट डोक्यात बसली होती, की हिला एकटीनं राहायची सवय नाही, आणि आम्ही हिला इथं ठेवून चाललो. घरी हिचा बाप वाट बघत होता. त्याला कसलीच खबर नव्हती.

सकाळी दिवस वर आल्यावर मामाजींनी बैल जुंपले. मी पुढं, त्यांच्या पाठीशी बसले. मागं जागा मोकळी. गाडीत माहेरचं तुरीचं पोतं, वळकटी आणि पापड-कुरडयांचा डबा, बस. मामाजी खाली मान घालून हाका मारायला लागले. "सर्जा, चल. पाखऱ्या, चल. वच्छीचे माय, चल..." आणि तोंडाला जन्माची सवय. "वच्छे, चल."

म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. कासरा हातात तसाच राहिला.

आणि गाडी मागं कलली.

जोरात नाही. ती बसल्यावर कलायची तेवढीच. बैलांनी माना वर केल्या. मी मागं वळून बघितलं, काही नव्हतं. घाबरले असते तर बरं झालं असतं, पण मी तशीच बसून राहिले. मामाजींनी खाली उतरून चाकं बघितली, आस बघितला, खाली दगड आहे का बघितलं. मग तुरीचं पोतं दोन्ही हातांनी ओढून पुढं घेतलं, आणि आम्ही निघालो.

दुपारी वाटेत एक गाडीवाला बरोबरीनं आला. ओळखीचा ना पाळखीचा. म्हणाला, "मामा, मागं वजन झालंय तुमच्या, बैलांना काचतंय न्हवं." भला माणूस, मदतीला खाली उतरला. मागं वाकून बघितलं तर लाकडाच्या फळ्या. डोकं खाजवत आपल्या गाडीत जाऊन बसला.

हिंगोलीला कयाधूवर मुक्काम झाला. मी भाकरी केल्या, मामाजींनी खाल्ल्या, मी खाल्ल्या. चवबिव काही लागली नाही. सकाळी मामाजींनी बैल जुंपले आणि "सर्जा, चल. पाखऱ्या, चल," एवढंच म्हणून गाडी हाकली. आदल्या दिवसाची चूक त्यांना परत करायची नसेल. मला तरी कसं बोलवणार? माझ्या हाकेतही तिचंच नाव.

गाडी सुरळीत चालली. अगदी समतोल. मागं काही नाही.

थोडं पुढं गेल्यावर मला हे कळलं. मी सासऱ्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांचा सदरा मागून धरून ओढला.

"मामाजी, थांबा. ती मुक्कामावर उतरली असंल खेळायला. तुमी तिला बोलावलंच न्हाई."

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, पोरीचं डोकं फिरलं. पण त्यांनी गाडी वळवली. परत काठावर आलो. आमच्या चुलीचे तीन दगड अजून ऊन होते. मामाजी उभे राहिले, पागोटं सारखं केलं आणि एरवीसारखंच, जरा रागावल्यागत म्हणाले, "वच्छीचे माय, चल. वच्छे, चल. किती वाट पाहायची?"

आम्ही थांबलो. पाण्यावर बगळे होते. मग गाडी हळूच मागं कलली.

औंढ्याच्या मुक्कामावरून निघताना त्यांनी बैलांच्या आधी तिला हाक मारली.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. मालक गोठ्यातून धावत आले ते थेट गाडीच्या मागं. ते नेहमी तसंच करायचे. दोन्ही हात पुढं करायचे आणि वच्छी त्यांच्या अंगावर झेप घ्यायची. हात पुढं करून ते उभे राहिले, आणि मागं कुणी नव्हतं.

"तापानं गेली रे," मामाजी म्हणाले. "पैनगंगेवर."

ह्यांनी हात खाली घेतले. पोतं खांद्यावर मारून आत नेलं, मग वळकटी, मग डबा. गाडी पार रिकामी झाली. मामाजींनी बैल सोडले.

बैल सोडले की रिकामी गाडी पुढं वाकते आणि जू भुईला टेकतं. कुणाचीही गाडी बघा. आमची टेकली नाही. जू तसंच वर, माणसाच्या छातीएवढं. ह्यांनी दोन्ही हातांनी दाबून खाली आणलं. सोडलं तसं ते परत वर गेलं. शेजारचे दोघं-तिघं अंगणात आले होते, त्यांनीही बघितलं.

"दाबू नको," मामाजी म्हणाले. "मागं जा. तुझीच वाट पाहून राहिली असंल ती. उतरव तिला."

मालक मागं गेले. दोन्ही हात परत पुढं केले. "ये बाई, उतर," एवढंच म्हणाले. आणि जू हळूहळू खाली आलं, आपटलं नाही, आणि भुईला टेकलं.

पुढं एकदा नातवाला हे सगळं सांगितलं. तो इंजिनीअर आहे. त्यानं कागदावर गाडी काढली, बाण काढले, आस वाकला असेल, लाकूड फुगलं असेल असं बरंच सांगितलं. मी ऐकून घेतलं. पुढं तीच गाडी आम्ही कितीतरी वर्षं वापरली आणि ती कधी रिकामी उलाळली नाही, एवढं त्याला सांगितलं. तो म्हणाला, बघू, विचार करतो. करू दे. माझा करून झालाय.

एक गोष्ट मात्र त्यालाही सांगितलेली नाही. जू टेकल्यावर मालकांनी हात खाली घेतले नाहीत. झोपलेलं लेकरू खांद्यावर घेतात तसे छातीशी धरून ते माझ्यासमोरून घरात जायला निघाले. उंबऱ्याशी थांबले. तिच्या आजाराचं अजून त्यांच्याशी कुणी धड बोललंही नव्हतं, तापानं गेली एवढंच ऐकलेलं. माझ्याकडं वळून हळू आवाजात, झोपमोड होऊ नये म्हणून बोलतात तसं म्हणाले —

"ताप न्हाई हिला आता. अंग गार हाये."

तेव्हा मी रडले.