तुळसाबाईचा मंगळवार

मुकुटबनच्या पलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, तुळसाबाई चौदा वर्षं खिचडी शिजवत होती. पण तिचा खरा जीव पोरांना वाढण्यात. कोणत्या पोराला तळची खरवड लागते, कोण लाजून पोट भरलं म्हणतं, हे तिला ठाऊक. कोरोनानं दोन वर्षं चूल बंद ठेवली. मार्चात ती पुन्हा पेटायची झाली, तेव्हा तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून पत्र आलं: डोस न घेतलेल्या बाईनं शाळेत पाऊल ठेवायचं नाही.

तुळसाबाईनं घेतला नव्हता. दसऱ्याच्या आधी शेजारचा गोविंदा डोस घेऊन आला, तिसऱ्या दिवशी कपाशीवर फवारा मारायला गेला आणि शेताच्या धुऱ्यावर कोसळला तो उठलाच नाही. सुईनं गेला की फवाऱ्याच्या औषधानं, कोणी छातीठोक सांगेना. डॉक्टर एक बोलला, गोविंदाचा भाऊ दुसरंच.

"आपण नाही घ्याची सुई," ती तिच्या मदतनीस कौसल्येला म्हणाली. "काय करतीन ते करू दे."

कौसल्याही तिच्या शब्दावर डोस न घेता घरी बसली. तीन आठवडे दोघी बसल्या. शाळेत बचत गटाच्या बाया शिजवू लागल्या. दुसऱ्याच्या हातच्या फोडणीचा वास गल्लीपर्यंत यायचा आणि तुळसाबाई दार लोटून घ्यायची.

मग एका मंगळवारी ती बाजाराला जाते म्हणून मुकुटबनला गेली आणि दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. भीती गेली नव्हती. तरी ती रांग सोडून निघाली नाही. दंड सुजला, अंगात कणकण भरली. कौसल्येला तिनं सांगितलं, ऊन लागलं.

गुरुवारी गावभर झालं, की कोर्टानं निकाल दिला. डोससाठी कोणाचं काम अडवता येणार नाही. कौसल्या धावतच आली.

"काकू, जितलो न आपण! आमचे हे म्हणत, त्या बुढीच्या नादी नको लागू. आता बोला म्हणा!" आणि तिनं नेमका तोच दंड धरून हलवला.

"हो," तुळसाबाई म्हणाली. कळ दाबून तिनं चहा ठेवला. जिंकलेल्यांत आपण आहोत की हरलेल्यांत, हे कोणाला विचारावं तेही तिला सुचेना.

शनिवारी मुख्याध्यापक लखीराम सरांनी दोघींना बोलावलं. टेबलावर तीन पत्रं पसरली होती.

"आधीचं पत्र रद्द," सर म्हणाले. "म्हणजे पुरं रद्द नाही. सुधारित. डोस नसलेल्या बाईनं मास्क लावून चुलीपाशी राहायचं. पोरांना वाढायचं ते डोसवालीनं."

"म्हंजे बिमारी चुलीपाशी नाही, ताटापाशी हाये?" कौसल्या म्हणाली.

"मले काय पुसता बाई? मी का कोर्ट आहो?" सरांनी वही पुढं केली. "वाढायला बचत गटाची बाई येईल. डोस घेतला नाही म्हणून इथं सह्या करा."

कौसल्येनं सही केली आणि वही सरकवली. तुळसाबाईनं पेन हातात धरून ठेवला. सही केली तर कौसल्या आपली राहील. ताट परक्या बाईच्या हाती जाईल, कदाचित कायमचं.

"माहं नाव तिथं नोका लिहू, सर," ती म्हणाली. "म्या घेतला डोस. मंगळवारी."

कौसल्या आधी हसली. मग तिची नजर काकूच्या दंडावर गेली.

"बाजाराच्या दिवशी?"

"हो."

"मंग मले काहून नाही नेलं?"

इतक्या साध्या प्रश्नाची तयारी तुळसाबाईनं केली नव्हती. तिला वाटलं होतं, कौसल्या शिव्या देईल.

सोमवारी खिचडी शिजली. कौसल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडून चुलीत सारत होती. पातेलं दोघींनीच उचलायचं असतं, म्हणून तिनं एक कान धरला. दोघी दारापर्यंत आल्या. उंबऱ्याशी कौसल्येनं पातेलं खाली टेकवलं आणि हात काढून घेतला. पत्रात पुढं जायची मनाई होती म्हणून, की आणखी कशासाठी, तुळसाबाईला कळलं नाही. पोरं ताटं वाजवू लागली होती. ती वाकली आणि ते जड पातेलं एकटीच ओढत त्यांच्याकडं निघाली.