बाप्या माणसाचं गाणं

पालीच्या नाक्यावर रिक्षा चालवणारा विठू गोताड पंचक्रोशीला ठाऊक होता तो शाहीर म्हणून. जाखडीच्या नाचगाण्यात शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचा सामना लागला की शक्तीच्या बाजूनं तो उभा राहायचा आणि समोरच्या तुरेवाल्याला गाण्यातून असा सोलायचा, की माणसं हसून लोळायची. त्याचं एक गाणं तर वीस वर्षं गाजत होतं:

चूल फुंकतो, भांडी घासतो, पोरींची घालतो वेणी,
मिशी भादरा, लुगडं नेसवा, ह्याला बाप्या म्हणतो कोणी?

प्रत्येक हळदीत ते वाजायचं. आता तर पोरांच्या मोबाइलवरही आलं होतं. बायकोची पिशवी धरून कुणी नवरा नाक्यावर दिसला, की ही ओळ ऐकू आलीच. विठूला त्याचा अभिमान होता.

गेल्या आषाढात त्याची बायको गोदा विहिरीकडच्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरली. उजवा हात मोडला. मुलगा-सून मुंबईला नोकरीत, चार दिवस राहून परतली. मग घरात दोघंच. विठूनं पहिल्यांदा भात लावला त्याची पेज झाली, दुसऱ्यांदा करपला. पण नवी चाल बसते तसा हळूहळू हात बसत गेला. वेणी मात्र काही केल्या जमेना.

एका सकाळी तो पडवीत फणी घेऊन झटत होता. गोदा कळवळली. "माझ्या बापसाचा हात तुमच्यापरीस हलका होता."

"मामा वेण्या घालायचे?"

"आय गेली तवा धाकटी दोन वर्सांची. बापसानं दुसरं लगीन नाय केलान. आमा तिघींना रांधून घातलान, न्हाऊ घातलान. लोक हसायचे. त्यात तुमचं गाणं आलं. हळदीत वाजलं की मी उठून मागल्या दारी जायची."

विठूचा हात थांबला. "वीस वर्सं बोलली नाहीस?"

"तुमी कवा विचारलंत?"

सासरे रघूमामा जावयाच्या एकाही सामन्याला आले नव्हते. त्यांना गाण्याची आवड नसेल, असंच विठू धरून चालला होता. आता त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. हात जोडायचे तरी कुणापुढं?

गणपती झाल्यावर रत्नागिरीत दुपारची स्पर्धा होती. समोर तुऱ्याचा शाहीर सुजय, विठूच्या निम्म्या वयाचा. शाहीर बायकोची वेणी घालतो ही बातमी पालीहून केव्हाच पोचली होती. सुजयनं विठूचंच गाणं विठूचं नाव घालून म्हटलं. नाट्यगृह शिट्ट्यांनी दणाणलं.

ढोलकीवाला बाबल्या कानाशी लागला, "शाहीर, त्याच्या कानातल्या रिंगेवरून घ्या. सोडू नका."

रिंगेवरची ओळ विठूच्या जिभेवर तयार होती. समोर तिसऱ्या रांगेत गोदा मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून बसली होती. त्यानं बाबल्याला ठेका उतरवायची खूण केली.

तीन पोरींची आय गेली, चूल पेटवी रघू,
त्याला हसलो वीस वर्सं मी, आता वर कसा बघू?
आलं वाटून बांगडा रांधी, लेकींना भरवी घास,
तोच खरा रं बाप्या माणूस, बाकी मिशीचा भास.

शिट्ट्या थांबल्या. "सामना हाय का कीर्तन?" असं म्हणत दोघंतिघं उठून गेले. मग बायकांच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. त्या पुरुषांतही पसरल्या, सगळ्यांत नव्हे. ढाल परीक्षकांनी सुजयलाच दिली. बाबल्या रुसून ढोलकी बांधायला लागला.

विठू रिक्षापाशी आला तर सुजय तिथं उभा. "काका, त्या चार ओळी लिहून द्याल? शनिवारी मैतराची हळद आहे."

"हळदीत चालंल?"

"चाल जरा उडती करतो. नाचतील पोरं."

विठूनं लिहून दिलं. परतीच्या वाटेवर हातखंबा येईपर्यंत मागं बसलेली गोदा बाहेरच बघत होती. विठूला वाटलं, बापसाचं नाव चारचौघांत घेतलेलं तिला रुचलं नाही.

"चुकलात तुमी," ती अखेर म्हणाली.

"काय?"

"बापूस बांगड्यात आलं नाय घालायचा. तिरफळं घालायचा."

विठूनं रिक्षा बाजूला घेतली आणि सुजयला फोन लावून ओळ बदलून घेतली. मग मागं वळून म्हणाला, "आणखी काय काय करायचे मामा?"

गोदा हसली. "गाडी चालू करा आधी. लय हाय, सांगते."