रमिलाच्या पाड्याची वाट

दर जानेवारीत आम्हा चौघींच्या फोनवर एकच बोलणं व्हायचं. रमिला म्हणायची, "या वर्षी तरी या गं. थंडी छान पडलीय, उडीद निघालाय, वाट कोरडी आहे." आम्ही तिघी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. कुणाच्या मुलाची परीक्षा असायची, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, तर कुणाला रजा मिळायची नाही. अशी पंधरा वर्षं गेली. या जानेवारीत बोलावणारं कुणी उरलं नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच आम्हा तिघींना रजा मिळाली.

आम्ही चौघी शहाद्याजवळच्या लोणखेड्याला कॉलेजात होतो, होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं राहिलो. वैशाली तापीकाठच्या शेतकरी घरातली, आता लोणखेड्यातच सासरी असते. सुनंदा खांडबाऱ्याची, नवापूरला कचेरीत नोकरी करते. मी नाशिकला शिकवते. आणि रमिला तोरणमाळच्या पठाराखालच्या एका पाड्यावरची. शिकून ती आरोग्यखात्यात लागली आणि पाड्यापाड्यांवर फिरून पोरांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तपासायचं काम करायची. हा आजार तिला स्वतःला होता. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपून पाच दिवस झाले होते.

शुक्रवारी मी नाशिकहून शहाद्याला आले. सुनंदा खांडबाऱ्याहून रेल्वेने नंदुरबार आणि तिथून एसटीने शहादा अशी आली. तुम्ही विसरवाडीच्या बाजूने येणार असाल तर तिथूनही नंदुरबारची गाडी मिळते. शनिवारी सकाळी सहाला वैशालीच्या गाडीतून निघालो. शहादा ते तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, पण शेवटच्या घाटामुळे दोन तास धरा. एसटी आहे, वेळ मात्र स्टँडवर विचारूनच निघा. पेट्रोल खालीच भरून घ्या.

राणीपूरपर्यंत ऊस, केळी आणि हरभऱ्याची शेतं. मग एकदम सागाचं रान लागतं आणि रस्ता वळणं घ्यायला लागतो. पुढे सातपायरीचा घाट. एकावर एक रचलेली वळणं खालूनच दिसतात, आणि ती आपल्याला चढायची आहेत हे कळल्यावर गाडीत सगळे गप्प होतात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमची सहल इथेच आली होती. बाकीची मुलं बसने वर गेली, आणि आम्ही दहाबारा जणी हौसेने घाटाखाली उतरून पायवाटेने निघालो. रमिला मागे पडत होती. दर थोड्या वेळाने दगडावर बसायची, म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे." ऊन चढत होतं, बस वर थांबली होती आणि मला उशीर होत होता. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "डोंगरनी पोर शेस ना तू? अन् तुलेच चढता येत नही?" सगळ्या हसल्या. रमिलाही हसली, उठली, आणि वर पोहोचेपर्यंत पुन्हा बसली नाही. सहलीनंतर ती पंधरा दिवस कॉलेजात नव्हती. आल्यावर म्हणाली, ताप होता.

घाटात गाडी चालवता चालवता वैशाली म्हणाली, "काय इचार करी ऱ्हायनी?"

"काही नही," मी म्हणाले.

तोरणमाळला चहा-पोहे झाले. यशवंत तलावावर धुकं होतं, दोनचार कुटुंबं फोटो काढत होती. तलाव, सीताखाई, मंदिर एवढं पाहून बरेच लोक दुपारी परत फिरतात. आम्हाला खाली जायचं होतं. रमिलाची धाकटी बहीण सुमित्रा आम्हाला न्यायला आली होती. पंचविशीची, आश्रमशाळेत शिकलेली, आता पाड्यावरच्या अंगणवाडीत काम करते. डोळे अगदी रमिलाचे. सुनंदाने तिला पाहिलं आणि तोंड फिरवून तलावाकडे बघत राहिली.

या ट्रेकची गंमत अशी की आधी उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी चढायचं. उतरण दोन तासांची. वाट मळलेली आहे, पण कोरड्या पानांवरून आणि सुट्या मुरमावरून पाय सटकतो. चांगल्या पकडीचे बूट आणि हातात काठी हवीच. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, वाटेत या दिवसांत झरा मिळेलच असं नाही. आणि स्थानिक माणसाशिवाय उतरू नका, कारण गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात.

अर्ध्या वाटेवर एक सपाट खडक आहे. तिथे सुमित्रा थांबली. आम्हाला वाटलं आमच्यासाठीच थांबली असेल. वैशाली म्हणाली, "बरं कर्‍यं बाई. मन्हा गुडघा दुखी ऱ्हायनात."

आम्ही बसलो. पाणी पिऊन झाल्यावर सुमित्रा शांतपणे म्हणाली, "ताईला वर नेलं तेव्हा इथे खांदा बदलला होता."

आम्हाला एवढंच ठाऊक होतं की रमिला दवाखान्यात नेताना गेली. बाकीचं त्या खडकावर कळलं. चार दिवस पाऊस लागून होता. रमिलाच्या हाडांमध्ये कळा सुरू झाल्या, मग छातीत दुखायला लागलं आणि श्वास पुरेना. खालच्या बाजूचा जीपचा रस्ता ओढ्याने तोडला होता. सहा माणसांनी बांबूला गोधडी बांधून झोळी केली आणि याच वाटेने तिला वर न्यायला निघाले.

"चिखल इतका की एक पाऊल वर टाकलं की दोन खाली यायचे," सुमित्रा म्हणाली. "ताई शुद्धीत होती. त्यांना म्हणत होती, दमाने घ्या, पडाल. स्वतःच्या औषधांची नावं मला पाठ करून घेत होती, वर डॉक्टरांना सांगायला."

"मग?" सुनंदाने विचारलं.

"वर पोहोचलो. गाडी मिळाली. घाट उतरताना गेली."

वर कुठेतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. वैशालीने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. नंतर पूर्ण वाटेत ती गुडघ्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

पाडा म्हणजे उतारावर लांब लांब विखुरलेली वीसेक घरं. बांबूच्या कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या, वर कौलं. रमिलाची आई अंगणात सूप घेऊन उडीद पाखडत होती. आम्हाला बघून ती उठली, एकेकीच्या चेहऱ्याला हात लावला आणि पावरीत, त्यांच्या बोलीत, काहीतरी बोलली. सुमित्राने मराठीत सांगितलं, "आई म्हणते, नावं सांगू नका. मीच ओळखते." आणि तिने तिघींना बरोबर ओळखलं. वैशाली जाडी आणि बडबडी, सुनंदा चष्म्याची, आणि राहिली ती मी, कल्पना. रमिलाने तीन वर्षांत घरी आमच्याबद्दल काय काय सांगितलं असेल, ते तेव्हा लक्षात आलं. आम्हाला तिच्या आईचं नावही माहीत नव्हतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि लाल मिरचीची चटणी. शहरात उडदाची अशी डाळ मिळत नाही. पाड्यावर मुक्कामाला गेलात तर शिधा बरोबर न्या आणि तो घरच्या बाईच्या हातात द्या. आम्ही तांदूळ, गूळ आणि तेल नेलं होतं. आईने गूळ लगेच शेजारच्या तीन घरांत वाटून टाकला.

दुपार कलल्यावर आईजवळ उडीद निवडायला बसले. सुमित्राही होती. मी ठरवूनच आले होते. सहलीची गोष्ट सांगितली. मी काय बोलले तेही जसंच्या तसं सांगितलं. सुमित्राने ते पावरीत सांगताना मध्येच एकदा माझ्याकडे पाहिलं.

आईचे हात थांबले नाहीत. बराच वेळ ती बोलत होती. सुमित्रा तुटक तुटक सांगत गेली.

"आई म्हणते, तेव्हा ताईचे पाय सुजले होते. रात्रंदिवस ओरडायची. आईला राग आला होता. कुणाचा, ते आईला माहीत नव्हतं. ती म्हणाली होती, बस झालं कॉलेज, आता घरी राहा. ताईने आईचे पाय धरले. म्हणाली, घरी बसवलंस तर मुलींना कळेल मला काय आहे. मग त्या मला सांभाळून घेतील. मला ते नको." सुमित्रा थांबली. "आई म्हणते, तिने लपवलं, मग तुम्हाला कसं कळणार. पण तुम्ही बोललात ते वाईट बोललात."

मी म्हणाले, "हो."

आईने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले आणि सूप माझ्याकडे सरकवलं. मी पाखडायला लागले. मला नीट जमत नव्हतं. तिने माझी मनगटं धरून कसं उडवायचं ते दाखवलं आणि मला जमेपर्यंत धरून ठेवली. तिथे मला पहिल्यांदा रडू आलं.

रविवारी सकाळी सातला चढायला लागलो. आईने निघताना भाकऱ्या बांधून दिल्या. चढायला आम्हाला साडेतीन तास लागले, तुम्ही चालते असाल तर अडीच तासांत जाल. या वेळी सर्वांत हळू मी होते. पाय भरून आले, छाती फुलली. सुमित्रा माझ्या मागे राहिली. पुढे जा म्हटलं तरी गेली नाही.

एका वळणावर सुनंदा म्हणाली, "ती दर महिन्याला फोन करायची मला. पोरीला तपासून घे म्हणून. मी टाळत होते. शेवटी चिडून म्हणाली, लग्नाच्या वयाची झाली की मग तपासशील का? मागच्या मे महिन्यात तपासलं. पोरगी वाहक निघाली. स्वतःला त्रास नाही, पण नवरा वाहक असला तर पोरांना होऊ शकतो."

"रमिलाले सांगं व्हतं?" वैशालीने विचारलं.

"सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता तुला माहीत आहे. घाबरू नको, मी आहे ना."

सुनंदा वाटेतच उभी राहून रडली. आम्ही तिच्या बाजूला उभ्या राहिलो. तिला कुणी चला म्हटलं नाही.

वर पठारावर आलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. मागे वळून पाहिलं तर सातपुड्याच्या एकामागे एक निळ्या रांगा, आणि खाली कुठेतरी ती वीस घरं, जी इथून दिसत नाहीत. रमिला दरवर्षी जे दाखवायला बोलावत होती ते हेच असावं. खूप सुंदर जागा आहे. ती जिवंत असताना मी ती पाहिली नाही, हे आता कधीच दुरुस्त होणार नाही. सुमित्रा आमच्याबरोबर चहा प्यायली आणि पुन्हा वाट उतरायला लागली. तिने एकदाच हात हलवला.

या सफरीला खर्च फार आला नाही. गाडीचं पेट्रोल आणि वाटेतला चहा-नाश्ता, एवढंच. पायांना मंगळवारपर्यंत कळा होत्या. कुणी विचारलं, जावं का तिकडे, तर मी म्हणेन, जरूर जा, थंडीत जा, आणि कुणी बोलावत असेल तर लगेच जा.

नाशिकला मी सोमवारी पहाटे पोहोचले. सकाळी शाळेत निघताना नवीन नंबरवरून फोन आला. सुमित्रा होती, धापा टाकत होती.

"आई विचारते, तिघी घरी पोहोचल्या का?"

"पोहोचलो," मी म्हणाले. "पण तू कुठून बोलतेस?"

"तलावाजवळून. खाली रेंज नाही ना."

म्हणजे एवढं विचारायला ती अख्खा डोंगर चढून आली होती.