सुंदरम्माचा उजवा जबडा

पडदा वर जातो तेव्हा मंचावर एकच पात्र आहे. सोलापुरातला दातांचा दवाखाना, आतली लहानशी खोली. हनुवटी टेकवून, दातांत प्लास्टिकची कांडी धरून सुंदरम्मा उभी. कानातल्या कुड्या, नाकातली चमकी, डोक्यातल्या पिना, सगळं सुनेच्या ओंजळीत. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती संथ फिरतो.

"आज्जी, हलू नका," डॉक्टर ऋतुजा काचेपलीकडून म्हणतात.

आयुष्य मंचावर गेलं माझं, पण इतकं निश्चल उभं राहणं मला कधी साधलं नाही.

सुंदरम्मा माझी शेजारीण. आमचं नाटक मंडळ बुडालं तेव्हा हिच्याच तव्यावरच्या भाकरीनं मला जगवलं. तिची कडक भाकरी लग्नघरांत जाते, हॉटेलांत जाते. ती स्वतः मात्र दुधात कुस्करून खाते, कारण उजवीकडच्या दाढा गेल्या. आता हाडात स्क्रू बसवून नव्या दाढा करायच्या, त्याआधी जबड्याचा हा चहूबाजूंचा फोटो.

"तंबाखू, मशेरी?" डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"यव्वा! आमच्या घरात असलं चालत न्हाय."

शेजारी सून दानेश्वरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचं लग्न नवं असताना पाहुण्यांनी भरल्या घरात पिठाच्या डब्यामागं मशेरीची डबी सापडली होती. बोटं तिच्याकडं वळली. मंद्रूपहून तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. भला माणूस मान खाली घालून दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा न पिता परत गेला. सुंदरम्मा तेव्हा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. आळ मलाही खरा वाटला होता.

पडद्यावर जबडा उमटला. डॉक्टरांनी तो फिरवला, आमच्या फिरत्या रंगमंचासारखा. पुढून, मागून, खालून.

"बाकी हाड चांगलं आहे. पण इथं बघा, उजव्या गालाच्या आतल्या बाजूला. एवढ्याच जागी झिजलंय. इथं काय धरता तुम्ही?"

सुंदरम्मानं पदर तोंडावर ओढला. काळी पडलेली बोटं पदरात लपवली. मी तिच्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. एवढी मोठी बाई माझ्यासमोर लहान होत चालली होती.

"सुपारी धरतात अत्ती," दानेश्वरी चटकन म्हणाली. सासूला ती कानडी रीतीनं अत्ती म्हणते. "लई सवय हाय त्यांना. मी सोडवते की."

"नक्की सुपारीच ना? तंबाखू असेल तर मला आधी कळायला हवं. स्क्रू हाडात धरणार नाही, पुन्हा काढावा लागेल."

"सुपारीच हो, डॉक्टर."

सुंदरम्मानं सुनेकडं पाहिलं. पोरीला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. तरी आजही तिनंच झाकून घेतलं होतं. म्हातारीचे डोळे भरून आले. तिनं पदर खाली घेतला.

"मशेरी हाय, डॉक्टरीणबाई. माजं लगीन व्हायच्या आदीपासनं. ही खोटं बोलती माज्यापायी."

डॉक्टरांनी मान हलवली. मशेरी सुटल्यावर परत या, मग स्क्रूचं बघू, म्हणाल्या.

बाहेर रिक्षा उभी होती. दानेश्वरीनं चमकी पुढं केली, कुड्या पुढं केल्या. "घ्या अत्ती, घाला. घरी जाऊ."

सुंदरम्मानं त्या घेतल्याच नाहीत.

"घरी नको. मंद्रूपची गाडी कुटं लागती ते बघ. तुज्या आप्पापुढं माज्या तोंडानं सांगायचं हाय मला."